थेंब कुठून येतो?

धरणगावात राहणाऱ्या बाईला पाण्याचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. तापीवरून येणारे पाणी नळाला रोज येत नाही, आणि उन्हाळा चढू लागला की मधले दिवस वाढत जातात. नळ आला की गल्लीत हाक जाते, मोटरी सुरू होतात, हंडे, कळशा, पिंप सगळे भरून घ्यायचे. मग पुढच्या नळापर्यंत कोणते पाणी कशाला हे ठरलेले असते. पिण्याचे वेगळे, वुजूचे वेगळे, भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना, कपड्यांचे पाणी मोरीला. नळाचे संपले की बोअरचे, तेही आटले की टँकर किंवा वीस लिटरचा जार. अशा गावात स्वयंपाकघरात एक थेंब जरी विनाकारण सांडत असला तरी तो सगळ्या घराच्या नजरेत येतो. आणि तो थेंब नव्या सुनेच्या माहेरून आलेल्या वस्तूतून पडत असेल, तर नजरेबरोबर जिभाही चालू लागतात.

मुलाच्या निकाहच्या बोलणीतच आम्ही सांगितले होते की जहेज म्हणून काहीही नको. मुलीच्या वडिलांनी ते ऐकले. ते धुळ्याला पॉवरलूमवर काम करतात. पण लग्नानंतरच्या पहिल्या रमजानच्या चार दिवस आधी त्यांनी टेम्पोतून एक फ्रिज पाठवला. सोबत निरोप होता, ‘हे जहेज नाही. रोजेदारांना इफ्तारला थंड पाणी मिळावे म्हणून माझ्याकडून हदिया आहे.’ परत पाठवला असता तर त्यांचे मन मोडले असते. मुलांच्या अब्बांनी फोन करून त्यांचे आभार मानले, आणि आमच्या जुन्या, खडखडणाऱ्या फ्रिजच्या जागी तो उभा राहिला.

नव्या फ्रिजच्या दारालाच पाणी घ्यायची सोय होती. आतल्या बाजूला तीन लिटरची प्लास्टिकची टाकी, बाहेर एक छोटा खळगा आणि त्यात दांडी. ग्लासाने दांडी मागे दाबली की थंड पाणी. दार उघडावे लागत नाही, म्हणून आतली थंडी टिकते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास फिरतो अशा आमच्या जिल्ह्यात ही सोय चैनीची नव्हे, कामाची आहे. त्या रमजानमध्ये मुले इफ्तारच्या आधी रांगेने ग्लास भरून ठेवत.

पुढच्या वर्षी, रमजान निम्मा झाला असताना, फ्रिजसमोरची फरशी ओली दिसू लागली. वॉरंटीचे वर्ष नुकतेच संपले होते. आधी वाटले मुलांनी सांडले असेल. मग सेहरीच्या वेळी, सगळे झोपलेले असतानाही पाणी दिसले. एका संध्याकाळी नणंदबाई इफ्तारला आल्या होत्या. त्यांचा पाय त्या पाण्यावरून घसरता घसरता वाचला. त्या म्हणाल्या, ‘वर्षभरातच गळायला लागला? माहेरचा माल म्हणजे असाच. स्वस्तातला बघून दिला असेल.’ सून चुलीपाशी भजी तळत होती. तिने वळून पाहिले नाही. झाऱ्याने भजी काढत राहिली.

त्यानंतर गच्चीवरच्या दोरीला रोज सकाळी एक जुना टॉवेल वाळत घातलेला दिसू लागला. घरात तो कुणी वापरत नव्हते. आणि फरशी मात्र एकदम कोरडी असे. तिसऱ्या दिवशी मी सेहरीच्या तासभर आधी उठले. सून अंधारात फ्रिजसमोर बसून टॉवेल बादलीत पिळत होती. तरावीहनंतर सगळे झोपले की ती टॉवेल अंथरायची आणि सगळ्यांच्या आधी उठून फरशी पुसायची. तिकडे शेजारणी तिचे कौतुक करत होत्या की सेहरीला सर्वात आधी हिच्याच स्वयंपाकघरात दिवा लागतो.

मी तिच्याजवळ बसले आणि म्हटले, ‘बेटा, पुसून काय होणार? आधी थेंब कुठून येतो ते पाहू.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘अम्मी, अब्बांचे अजून चार हप्ते बाकी आहेत.’

हे ऐकल्यावर फ्रिज दुरुस्त करणे हे केवळ दुरुस्तीचे काम उरले नाही. मुलाने एका ठिकाणी फोन करून विचारले होते. समोरच्याने न पाहताच सांगितले की दाराचा पूर्ण संच बदलावा लागेल, आणि हजारांतला आकडा सांगितला. ही रक्कम घरात बोलली गेली असती तर नणंदबाईंच्या वाक्यावर शिक्काच बसला असता. म्हणून मी ठरवले की आधी तहकीक. एखाद्या माणसाबद्दल ऐकीव गोष्ट मानण्याआधी खातरजमा करावी ही शिकवण आपण मुलांना देतो. ती माणसाच्या माहेराला आणि माहेराहून आलेल्या वस्तूलाही लागू आहे.

फ्रिजखाली पाणी दिसले म्हणजे ते डिस्पेंसरचेच असे नसते. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीवर बर्फाचा पातळ थर जमतो, तो अधूनमधून वितळतो आणि ते पाणी एका छोट्या भोकातून नळीने मागच्या तबकात जाते. तिथे ते कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. त्या भोकात कोथिंबिरीचे पान किंवा भाकरीचा चुरा अडकला की पाणी आतच साचते, भाजीच्या खणाखाली उतरते आणि दारातून बाहेर येते. पावसाळ्याच्या दमट हवेत दाराला बाहेरून घाम सुटतो, तेही खाली ओघळते. टाकी काठोकाठ भरली आणि दार जोरात आपटले तरी झाकणातून पाणी सांडते. ही सगळी पाणी फरशीवर एकसारखीच दिसतात. त्यांना वेगळे कसे करायचे?

उपाय सुनेला सुचला. ती बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली आहे. तिने मसाल्याच्या डब्यातून ईदच्या जर्द्यासाठी, म्हणजे गोड भातासाठी, आणलेला खाण्याचा पिवळा रंग काढला. रात्री टाकी गळ्यापर्यंत न भरता थोडी कमी भरली आणि त्यात चिमूटभर रंग टाकला. फ्रिज आतून-बाहेरून कोरडा पुसला. मग वर्तमानपत्राचे तुकडे तीन ठिकाणी ठेवले. एक बाहेरच्या खळग्यात तोटीखाली, एक आत टाकीच्या खालच्या कप्प्यात, एक भाजीच्या खणाखाली. फरशीवर एक मोठे पान पसरले. मुलांना ताकीद दिली की रात्री डिस्पेंसरला हात लावायचा नाही.

सेहरीला आम्ही दोघींनी कागद पाहिले. भाजीच्या खणाखालचा कोरडा. आतल्या कप्प्यातला कोरडा. तोटीखालचा पिवळाजर्द भिजलेला, आणि फरशीवरच्या पानावरही पिवळा डाग. म्हणजे पाणी टाकीतलेच होते आणि फक्त तोटीतून येत होते. टाकीला तडा नव्हता, आतली रिंग ठीक होती, वितळलेल्या पाण्याची वाट मोकळी होती. थंड करणाऱ्या यंत्राचा तर या गळतीशी काही संबंधच नव्हता. थोडक्यात, फ्रिज सुखरूप होता. दोष असेल तर तो तोटीतल्या झडपेत, आणि ती झडप अंगठ्याएवढी होती.

दुसऱ्या रात्री तोटीखाली वाटी ठेवली. अकरा ते साडेचार या वेळात जवळजवळ एक ग्लास पाणी जमले. सुनेने घड्याळ लावून थेंब मोजले तेव्हा पाच सेकंदांना एक पडत होता. हा हिशेब वाचक भगिनींनीही करून पाहावा. पाच सेकंदांना एक म्हणजे मिनिटाला 12, तासाला 720, दिवसाला 17,280 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला सुमारे 860 मिलिलीटर. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की हुजूर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आत-बाहेर. म्हणजे टपटप म्हणून सोडून दिलेल्या त्या थेंबांत रोज एका माणसाचे वुजू वाहून जात होते. नळाला दिवसाआडही पाणी नसलेल्या गावात ही लहान गोष्ट नाही.

झडप उघडण्याआधी फ्रिजचा प्लग काढला. हे पहिले काम, कारण पाणी आणि वीज एकाच ठिकाणी असतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून प्लगला हात लावू नये. टाकी रिकामी करून सरळ वर उचलली की ती निघते. तिच्या बुडाशी झडप होती. तिचे काम साधे आहे. दांडी दाबली की झडपेचा दट्ट्या उचलला जातो, पाणी आपल्या वजनाने खाली येते. दांडी सोडली की स्प्रिंग दट्ट्याला परत बसवते आणि त्याच्या तोंडाशी असलेली मऊ रबरी चकती, म्हणजे आपल्या भाषेत वायसर, भोक बंद करते. वायसर आणि भोकाची कड यांच्यात केसाएवढी जागा राहिली तरी थेंब सुटतो.

आमच्या वायसरच्या कडेला खडूसारखा पांढरा थर बसला होता. स्प्रिंगवरही तोच. नखाने खरवडला तर पीठ पडले. तो थर पाहिल्याबरोबर मी ओळखला, कारण गेली तीस वर्षे मी तो आमच्या माठावर पाहते आहे.

नळाचे पाणी संपले की आमच्याकडे बोअरचे पाणी पिण्यात येते. ते जड आहे, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले आहेत. तोटीच्या तोंडाशी थेंब थांबतो, वाळतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. असा थेंबावर थेंब वाळत गेला की वर्षभरात कड तयार होते आणि वायसर नीट टेकत नाही. मग जास्त थेंब गळतात, जास्त वाळतात, थर आणखी वाढतो. गल्लीतल्या मिस्त्रीच्या मुलाकडे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचे मीटर आहे. त्याने आमच्या बोअरचे पाणी मोजले तर आकडा हजाराच्या वर गेला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, आणि दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे असे आहे. म्हणजे आमचे पाणी पिण्यासाठी बादच होते असे नाही, पण नाजूक झडपेला ते मानवणारे नव्हते.

माठाच्या अंगावरही हाच पांढरा फुलोरा येतो. माठ पाझरतो, ते पाणी बाहेर वाळते, म्हणून तर आतले पाणी गार होते. माठाच्या पाझरण्याला आपण गुण म्हणतो. त्याच्यावर क्षार चढला तर माठ देणाऱ्या कुंभाराला कुणी बोल लावत नाही. नवा माठ घेतो आणि पुढे जातो.

साफ करणे सोपे निघाले. सिरका आणि पाणी समान घेऊन त्यात झडपेचे भाग अर्धा तास बुडवले. सिरका नसेल तर कोमट पाण्याच्या ग्लासात चमचाभर लिंबूसत्त्व टाकूनही चालते. पाणी कढत घेऊ नये, प्लास्टिक वाकते. जुन्या मऊ टूथब्रशने थर हलकेच काढला. चाकू, सुई किंवा तारेची घासणी लावली नाही, कारण कडेला ओरखडा पडला तर तोच नव्या गळतीचा रस्ता होतो. दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सगळे परत बसवले. टाकी जागेवर टक् असा आवाज होईपर्यंत दाबली.

थेंब थांबला नाही, पण पाच सेकंदांवरून दोन-तीन मिनिटांवर गेला. मग गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावले. तो आमचा विद्यार्थी आहे. मी शाळेत असताना चौथीला होता. त्याने वायसर बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘मावशी, क्षार निघना, पन वायसर कडक व्हई गयं.’ क्षाराच्या कडेने रबरात बारीक खाच पडली होती. दोन दिवसांनी तो जळगावहून त्याच मापाचा, पिण्याच्या पाण्याला चालणारा वायसर घेऊन आला. सगळे काम शंभर रुपयांच्या आत झाले. त्या रात्री ठेवलेला कागद सेहरीला कोरडा होता. सुनेने तो घडी घालून कपाटात ठेवला. टॉवेलची मात्र तिने पायपुसणी केली.

जुना वायसर मी काडेपेटीत ठेवला होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी नणंदबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातावर तो ठेवला आणि म्हटले, ‘आपा, गळत होतं ते यामुळे. हा पांढरा थर धुळ्याहून आलेला नाही, आपल्या बोअरमधून आलाय. वस्तू चांगली होती, पाणी आपलं जड होतं.’ त्यांनी काडेपेटी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आमचा गीझर दोन वर्षांत गेला तो पण यामुळेच का?’ सून शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आली तेव्हा त्या तिलाच विचारू लागल्या की सिरका किती आणि पाणी किती. माफी वगैरे काही झाली नाही. पण त्यानंतर त्या फ्रिजला कुणी माहेरचा फ्रिज म्हटलेले मी ऐकले नाही. तो आता घरचा फ्रिज आहे.

इतर घरांत कारण दुसरे असू शकते, म्हणून थोडे सांगते. टाकी नुकतीच भरली असेल आणि पाणी घेतल्यावर दोन-चार थेंब पडून थांबत असतील, तर ती आत अडकलेली हवा आहे. काळजीचे कारण नाही. आतल्या कप्प्यातला कागद भिजला तर टाकी नीट बसलेली नाही किंवा टाकी आणि झडप यांच्यामधली रिंग गेली आहे. भाजीच्या खणाखाली साधे, बिनरंगाचे पाणी आले तर मागच्या भिंतीखालचे भोक कोमट पाणी आणि मऊ नळीने मोकळे करावे. ज्या फ्रिजना थेट नळाची नळी जोडलेली असते त्यांची गोष्ट वेगळी. माझ्या भाचीकडे नाशिकला तसा आहे. त्याची झडप विजेवर उघडते, पण घट्ट बंद व्हायला तिला पाण्याचा दाब लागतो. बहुतेक कंपन्या 20 ते 30 पीएसआय दाब मागतात. गच्चीवरची टाकी दहा फूट उंच असेल तर जेमतेम 4 पीएसआय मिळतो. दाब कमी पडला की झडप अर्धवट मिटते आणि थेंब चालू राहतात. भाचीच्या घरी छोटा पंप लावल्यावर ते थांबले. फिल्टर नीट फिरवून बसवलेला नसेल किंवा नळीच्या जोडात वाळूचा कण अडकला असेल तरी गळते.

काहीही असो, पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर गोंद, एम-सील किंवा ग्रीस लावू नये. त्याने थेंब काही दिवस दडतो, थांबत नाही, आणि ते पोटात जाते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून धुवावी. जड पाणी असेल तर महिन्याला एकदा सिरक्याचे पाणी फिरवून नंतर दोनदा साधे पाणी सोडावे. रात्री तोटीचे तोंड कोरड्या फडक्याने टिपून ठेवावे. आमची सून आता टाकीत फक्त नळाचे किंवा जारचे पाणी भरते. बोअरचे पाणी माठात जाते, माठाला ते चालते.

धुळ्याचे हप्ते त्या वर्षीच्या बकरी ईदपर्यंत फिटले. त्यांना गळतीचे काही कळले नाही आणि कळवण्यासारखे काही उरलेही नव्हते. आपल्या घरांत मुलींच्या माहेराहून काही ना काही येत राहते. कधी हौसेने, कधी नाइलाजाने, कधी पोट मारून. ते घेऊ नये हेच बरे. पण जे प्रेमाने आले आणि घरात राहिले, ते बिघडले तर आधी कागद पसरा, चिमूटभर रंग टाका, एक रात्र थांबा. थेंब कुठून येतो हे सकाळी कळतेच. तोपर्यंत कुणाच्या बापाचे नाव घेऊ नये.